भुशी डॅम: पायऱ्यांवर बसायचं की नाही?

कुंदकळी

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी सासरचे सगळे नाशिकहून येतायत, दोन गाड्या भरून, त्यात चार पोरं आणि सगळ्यात धाकटं साडेतीन वर्षांचं. नणंदेच्या लेकीने रील बघून ठेवलंय, भुशीच्या पायऱ्यांवर बसायचं म्हणजे बसायचंच. मी स्वतः कॉलेजात असताना दरवर्षी गेलेय, लोकलने लोणावळा आणि तिथून चालत, तेव्हा कधी भीती वाटली नाही. पण ३० जून २०२४ चा तो व्हिडिओ डोक्यातून जात नाही, पाण्याच्या मधोमध खडकावर एकमेकांना मिठी मारून उभी असलेली ती माणसं. एक बाई आणि चार मुलं गेली त्यात. आणि १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल पडला, चार गेले, नदी तीच, इंद्रायणी.

नवरा म्हणतो ते मागच्या धबधब्यावर झालं होतं, पायऱ्यांवर काही होत नाही, तू उगाच घाबरतेस. हे खरंय का? की मी सरळ नाही म्हणून वाईटपणा घेऊ? जाणकारांनी सांगा प्लीज.

भज्जीप्रेमी

रविवारी?? पावसाळ्यात?? लोणावळ्यात?? ताई तुम्ही बुडायच्या आधी ट्रॅफिकमध्येच म्हाताऱ्या व्हाल. (हलके घ्या.) सीरियसली, मंगळवारी जा.

लोणावळाकर

वरच्याला +१. रविवारी आम्ही गावातले लोक दूध आणायलासुद्धा गाडी काढत नाही.

नवरोबांचं ठिकाणाबाबत बरोबर आहे. २०२४ ची घटना पायऱ्यांवरची नाही. धरणाच्या मागच्या बाजूला, वरच्या डोंगरातून जो ओढा तलावात उतरतो तिथली आहे. वरती जोरदार पाऊस झाला, लोंढा आला, आणि सगळे वाहत तलावात गेले. नंतर शोध घ्यायला शिवदुर्ग मित्र या आमच्या इथल्या बचाव पथकाची पोरं होती, आयएनएस शिवाजीचे नौदलाचे पाणबुडे होते. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी आली, टपऱ्या उठवल्या, पोलिसांचं बॅरिकेड आलं. दरवर्षी नियम थोडे बदलतात तेव्हा निघायच्या आधी कोणालातरी फोन करून विचारा चालू आहे का, नाहीतर पोरांना घेऊन अडीच किलोमीटर चालत जाल आणि शिट्टी वाजवून परत पाठवतील.

एक माहिती म्हणून सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं हा पर्यटनासाठी बांधलेला डॅम आहे. नाही. हा रेल्वेचा आहे. १८६३ ला बोरघाटातून गाडी सुरू झाली, आणि घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं प्रचंड, म्हणून त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने हा दगडी बांध घातला. पुढे १९३० च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिनं आली आणि वाफेची तहान संपत गेली. बांध राहिला. मग हळूहळू आपण सगळे त्यावर जाऊन बसलो.

सांडवा७२

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. भुशी मी कधी तपासलेला नाही, रेल्वेचा आहे, त्यामुळे भिंतीबद्दल बोलणार नाही. पाण्याबद्दल बोलतो.

कुंदकळी, तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. अर्धे का ते सांगतो.

तलाव म्हणजे परात समजा. परातीत कोणी तांब्याभर पाणी एकदम ओतलं तरी काठावरून ते एकदम सांडत नाही, आधी पसरतं, मग पातळी चढते, मग काठावरून सावकाश वाढत जातं. धरणाचं तसंच. वरून लोंढा आला की तो तलावात पसरतो, त्यामुळे सांडव्यावरून, म्हणजे तुमच्या त्या पायऱ्यांवरून, जे पाणी येतं ते त्यामानाने हळू वाढतं. उठून बाजूला व्हायला वेळ मिळतो. शिवाय पायरी पायरीवर आपटत आल्यामुळे पाण्याचा जोर मोडतो, मुद्दाम पायऱ्यांचे सांडवे बांधतात ते त्यासाठीच.

पण ओढ्याला परात नाही. ओढ्यात जे वर पडलं ते तसंच्या तसं खाली. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खाली काळा कातळ, माती पातळ, मुरायला जागाच नाही. वरच्या पठारावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि तुम्ही उभे आहात तिथे नुसती भुरभुर असली तरी पंधरा-वीस मिनिटांत घोट्याएवढ्या पाण्याचं मांडीएवढं होतं. आणि लोकांना वाटतं पाणी दुप्पट जोरात आलं तर दुप्पट ढकलेल. नाही, वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. गुडघाभर वाहत्या पाण्यात धडधाकट माणूस आडवा होतो, साडेतीन वर्षांच्या पोराचं तर बोलायलाच नको.

म्हणजे लोक भिंतीला घाबरतात आणि ओढ्यात खुशाल उतरतात. उलटं पाहिजे.

आता यजमान चुकतात कुठे, तर "काही होत नाही" म्हणण्यात. पायऱ्यांवर शेवाळ असतं. घसरून डोकं आपटलं, गुडघा फुटला, मागून कोणी घसरत आलं आणि खालच्या चौघांना घेऊन गेला, हे होतंच. आणि वर भिंतीच्या माथ्यावर चढून तलावाच्या बाजूला डोकावणारे असतात, तिकडे पाय गेला तर थेट खोल पाणी, गढूळ, गार, आणि काठ निसरडा.

कुंदकळी

काका परातीचं उदाहरण भारी. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो फक्त "अर्धे बरोबर" एवढंच ऐकतोय :)

दोरखंड

काकांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. आम्ही काही मित्र पावसाळ्यात सुटीच्या दिवशी दोर, जॅकेटं घेऊन मदतीला जातो (गाव सांगत नाही). लोंढा यायच्या आधी ओढा सांगतो, फक्त बघायला कोणी मोकळं नसतं, सगळे मोबाईलमध्ये. पाण्याचा रंग बदलतो, पांढऱ्याचं चहासारखं होतं. काड्या, पाला, कधी चपला वाहून यायला लागतात. आवाज बदलतो, खळखळीचा घरघर होतो. यातलं एकही दिसलं की वस्तू सोडायच्या, पोरं उचलायची आणि जवळच्या काठाला. जवळच्या. आपल्या चपला-पिशव्या ज्या काठाला आहेत त्या नाही. लोक हटकून बॅगेच्या दिशेने धावतात, मी डोळ्यांनी बघितलंय, अर्ध्या पाण्यातून परत मागे फिरलेली बाई, पर्ससाठी. वाचली, पण नशिबाने.

आणि मिठी मारून उभं राहणं. त्याबद्दल त्या कुटुंबाला कोणी नावं ठेवू नका, त्या क्षणी कोणीही तेच करेल. वेळ त्याच्या दहा मिनिटं आधी होती, नंतर नव्हती. आणि कोणी वाहून जाताना दिसलं तर मागे उडी मारू नका. एकाचे दोन होतात. ओढणी, दोर, झाडाची फांदी, रिकामा पाण्याचा कॅन, काय असेल ते फेका.

न्यूजर्सीकर

इंटरेस्टिंग धागा. सांडवा काकांना एक प्रश्न आणि थोडी भर. इकडे अमेरिकेत जुन्या गिरण्यांसाठी वगैरे बांधलेले बुटके बांध नद्यांवर हजारोंनी आहेत, पुरुषभर उंचीचे, दिसायला एकदम गरीब. त्यांना इकडचे रेस्क्यूवाले बुडवण्याचं यंत्र म्हणतात. कारण पाणी भिंतीवरून पडून खाली तळाशी जातं, आणि पुढे वर येऊन उलटं भिंतीकडे फिरतं, चक्रासारखं. त्यात माणूस किंवा कयाक सापडली की पाणी त्याला भिंतीकडे ओढतं, खाली दाबतं, वर आणतं, पुन्हा ओढतं. फेस एवढा की लाइफ जॅकेटसुद्धा नीट तरंगवत नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला अशाच एका बांधाखाली बचावाला गेलेले अग्निशमन दलाचे ३ जवानच बुडाले. पेनसिल्व्हेनियात तर १९९८ मध्ये कायदाच केला की असा बांध ज्याच्या मालकीचा त्यानेच वर-खाली पाट्या आणि पाण्यात बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, लावायच्या.

आपल्याकडे केटी वेअरखाली, म्हणजे नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली, पोरं पोहतात ना? तिथेही असंच होत असणार का?

सांडवा७२

होतं. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असले आणि नदी मोकळी वाहत असली तर एवढं नाही. पण बर्गे घातलेत आणि वरून सबंध लांबीभर पाण्याची चादर पडतेय, खाली पाणी तुंबलंय, अशा वेळी बंधाऱ्याच्या पायथ्याशी भोवरा तयार होतोच. गावाकडे म्हणतात "तिथं पाणी माणूस धरतं", "तिथं आसरा (पाण्यातल्या देवता) आहेत". आसरा नाहीत, तो हा प्रकार आहे. पण खरं सांगू का, आसरांच्या भीतीने तरी पोरं लांब राहायची, आता तीही भीती गेली आणि पाटी कोणी लावली नाही.

गावठी_गणित

धाग्यावर जरा वेगळं विचारतो, चालेल का? आमच्या गावाला एक जुना तलाव आहे, मातीच्या पाळीचा, दुष्काळी कामातला. आत्तापर्यंत उपयोग म्हणजे जनावरं पाणी पितात, खालच्या विहिरी भरतात, मासेमारीचा ठेका जातो, गणपती विसर्जन, आणि आमची सगळी पिढी तिथंच पाठीला पांगारा नाहीतर वाळका भोपळा बांधून पोहायला शिकली. आता उत्साही मंडळींनी काढलंय की पाळीवर पेव्हर ब्लॉक, बाकडी, सेल्फी पॉइंट आणि दोन पॅडल बोटी. मी ग्रामसभेत विचारलं की पाळ तपासली का, तर म्हणे एवढ्याशा तलावाला काय तपासायचं. त्यावर मला विकासविरोधी ठरवून झालंय. माझं चुकतंय का?

सांडवा७२

चुकत नाहीये. उलट तुमचा तलाव भुशीपेक्षा जास्त काळजीचा आहे, कारण दगडी बांधावरून पाणी वाहिलं तर चालतं, मातीच्या पाळीवरून वाहिलं की काही तासांत पाळ जाते. दगडी बांध न्हातो, मातीचा विरघळतो.

"एवढासा तलाव" ही आपल्याकडची मोठी गंमत आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, चांगला आहे, पण तो लागू कोणाला, तर १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, किंवा १० ते १५ मीटरमधल्या अशा धरणांना जी फार लांब आहेत किंवा दहा लाख घनमीटर साठवतात वगैरे वगैरे. त्याच्या खाली जे येतं ते कायद्याच्या चाळणीतून गळतं. ते जिल्हा परिषदेचं, नाहीतर ग्रामपंचायतीचं, नाहीतर कोणाचंच नाही. तिवरे आठवतंय ना, चिपळूणजवळचं, २ जुलै २०१९ ची रात्र. मातीचं धरण फुटलं, खालची भेंदवाडी गेली, वीसेक माणसं गेली. गळती लागल्याची तक्रार गावाने आधीच केली होती. मंत्रिमहोदय म्हणाले खेकड्यांनी पोखरलं.

भज्जीप्रेमी

त्या खेकड्यांना अटक करा म्हणून लोक पोलीस स्टेशनात खेकडे घेऊन गेले होते, ते मी विसरूच शकत नाही.

सांडवा७२

हसण्यावारी गेलं ते, पण खेकडे, उंदीर, घुशी पाळीला बिळं करतात हे खोटं नाही. म्हणूनच दरवर्षी पाळीवरून चालत जायचं असतं. खेकडा एका रात्रीत धरण फोडत नाही, वर्षानुवर्षं कोणी बघायला गेलं नाही म्हणून फुटतं.

गावठी_गणित, इंजिनिअर नंतर बोलवा, आधी स्वतः जा. तलाव भरल्यावर पाळीच्या खालच्या बाजूने, पायथ्याने, सकाळी चालत जा. ओल दिसेल, थोडा पाझर असणारच, मातीच्या पाळीला थोडं पाणी सुटतंच. ते पाणी ओंजळीत घ्या. नितळ असेल तर नोंद करून ठेवा. गढूळ असेल, म्हणजे पाणी स्वतःबरोबर माती घेऊन येतंय, तर त्याच दिवशी तहसीलला कळवा, उद्या नाही. पाळीवर बाभळी, पिंपळ उगवलेत का बघा, झाड मेलं की मुळं कुजतात आणि तीच पाण्याची नळी होते. माथा कुठे खचलाय का बघा, कारण पाणी तिथूनच पहिलं चढणार, आणि नेमका तिथेच ट्रॅक्टरचा रस्ता पडलेला असतो.

आणि सांडवा. मासेमारीचा ठेका आहे म्हणालात ना? मग पहिल्यांदा सांडवा बघा. मासे पळू नयेत म्हणून ठेकेदार सांडव्यावर जाळी लावतो, जाळीत पाला, जलपर्णी, प्लास्टिक अडकतं, काही ठिकाणी तर मातीच्या गोण्या रचून वितभर पाणी जास्त अडवतात. गावाला वाटतं बरं झालं, पाणी वाढलं. एका मोठ्या पावसात ते पाणी सांडव्याने जाऊ शकत नाही आणि पाळीवर चढतं. मी दोन ठिकाणी रात्री कंदील घेऊन माणसं लावून जाळ्या कापल्यात, आणि ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्यात.

पेव्हर ब्लॉकला माझा विरोध एवढ्याचसाठी की ब्लॉकखाली पाळ खचलेली, बीळ पडलेलं दिसत नाही. बाकडी काठावर टाका ना, पाळीवरच कशाला.

गावठी_गणित

काका, जाळी आहे. कायमची आहे. सिमेंटमध्ये खांब रोवून.

सांडवा७२

पावसाळा सुरू झालाय. आजच सरपंचांना भेटा. फोटो काढून लेखी द्या, पोच घ्या.

चहाबाज

बोटींबद्दल मी सांगतो. १८ जानेवारी २०२४, वडोदऱ्याचा हरणी तलाव. शहराच्या मधोमध, सुशोभित केलेला, तिकीट काढून जायचा. शाळेची सहल होती. चौदाच्या बोटीत त्याच्या जवळपास दुप्पट बसवले, जॅकेटं थोड्यांनाच. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तलाव छोटा होता, बांधीव होता, जाहिरातीत सुरक्षित होता. तेव्हा गावात बोटी येणारच असतील तर जॅकेट घातल्याशिवाय बोट काठावरून सुटणार नाही, आणि बोटीवर किती माणसं ते बोटीवरच रंगवून लिहायचं, एवढं तरी भांडून घ्या. आणि जॅकेटं लहान मुलांच्या मापाची वेगळी. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर पोरगं खालून निसटतं, जॅकेट तरंगतं.

टपरीवाला_भाऊ

जिकडेतिकडे लोक भुशी बंद करा बंद करा म्हणतात म्हणून लिहितोय. आमची भुशीच्या रस्त्याला कणसं-भजीची टपरी होती, २०२४ ला उठवली. पावसाळ्याचे तीन महिने ते आमचं वर्षाचं गणित असतं. जे झालं ते वाईटच, ती पोरं आमच्या डोळ्यासमोरून हलत नाहीत. पण एक विचारतो, टपऱ्या हलवून पाणी कमी झालं का? आम्ही तिथं होतो तर निदान ओरडायचो तरी, ए उतर खाली, वर पाऊस लागलाय. आम्हाला कळतं पावसाचं, तिथंच जन्म गेला. बाहेरच्याला पाटी दिसत नाही, आणि दिसली तरी वाचत नाही. आम्हालाच शिट्ट्या, दोर, जॅकेटं देऊन उभं केलं असतं, ट्रेनिंग दिलं असतं, तर फुकटात पन्नास माणसं मिळाली असती सरकारला.

दोरखंड

भाऊ, शंभर टक्के. कुठेही गेलो तरी पहिली माहिती टपरीवाल्याकडूनच मिळते, कोण, कुठे, कोणत्या रंगाचा शर्ट.

लोणावळाकर

पटतंय, पण भाऊ दुसरी बाजूही बघा, टपऱ्या पार पाण्यापर्यंत आल्या होत्या, गर्दी पळायला वाट उरली नव्हती, आणि काही टपऱ्यांवर (तुमची नसेल) भज्यांबरोबर जे मिळायचं ते पिऊनच निम्मे लोक पाण्यात उतरायचे. रस्त्याकडेला नीट ओटे बांधून द्या, पाण्याकडे जायचा एकच रस्ता ठेवा, डोकी मोजून सोडा. कोकणात जत्रेला देवळात करतात की हे सगळं.

न्यूजर्सीकर

आणि मालकानेच पाटी लावायची हा मुद्दा. धरण रेल्वेचं, रस्ता नगरपरिषदेचा, बंदोबस्त पोलिसांचा, डोंगर वनखात्याचा. ओढा कोणाचा?

लोणावळाकर

ओढा बाप्पाचा.

भज्जीप्रेमी

अवांतर: टपरीवाला भाऊ, आता कुठे बसता? कांदाभजी मिळेल का?

टपरीवाला_भाऊ

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कुंदकळी

मंडळी, जाऊन आलो. रविवारचं मंगळवारवर ढकललं, नणंदेला सुटी टाकायला लावली, थोडी कुरकुर झाली. सकाळी आठला पोचलो, फार गर्दी नव्हती. ओढ्याकडे गेलोच नाही, पोलीसही सोडत नव्हते. पोरांना सगळ्यात खालच्या दोन पायऱ्यांवर, कडेला, चपला न घालता बुटांत बसवलं, एका मोठ्याकडे एक पोरगं, आणि सासऱ्यांना कोरड्यावर छत्री घेऊन खुर्चीत बसवलं, काम एकच, वरती पाण्याचा रंग बघत राहायचं. त्यांना काकांचा आणि दोरखंड यांचा प्रतिसाद आधी वाचायला दिला होता. निवृत्त माणूस, जबाबदारी मिळाल्यावर काय विचारता, दर पाच मिनिटांनी "अजून पांढरं आहे" म्हणून ओरडत होते, आजूबाजूचे लोक वळून बघत होते.

पाऊण तासाने म्हणाले, मला जरा चहासारखं वाटतंय. नवरा म्हणाला काही नाही हो बाबा, ऊन-सावलीचं असेल. पण धाकट्याला उचलून पहिला तोच बाहेर आला. पाणी पुढे वाढलं का ते बघायला आम्ही थांबलो नाही, भाऊंच्या भज्यांना गेलो.

सांडवा७२

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. गावठी_गणित, जाळीचं काय झालं?

गावठी_गणित

लेखी दिलं, पोच घेतली. ठेकेदार म्हणाला नुकसान कोण भरणार. सरपंच म्हणाले मीटिंगमध्ये घेऊ. काल रात्री मोठा पाऊस झाला म्हणून मी आणि चुलतभाऊ बॅटरी घेऊन गेलो, तर जाळीला जलपर्णीची ही एवढी भिंत, पाणी पाळीच्या माथ्यापासून दीड-दोन हात खाली. खांब तसेच ठेवले, पण जाळी कापली. कोणी कापली ते गावाला माहीत नाहीये अजून, तेव्हा इथेही कोणी बोलू नका.